मुका मार : रेल्वेच्या हादऱ्यापासून मेंदूच्या हादऱ्यापर्यंत



आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे. मुका मार. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही, पण मार लागलेला आहे. तो दिसत नाही आणि बोलत नाही. ज्याला लागलाय त्यालाच तो कळतो, आणि त्याने सांगितलं तरच इतरांना समजतो. आज आपण या मुक्या माराचा इतिहास पाहणार आहोत, आणि तोही डोक्याला लागलेल्या मुक्या माराचा.

आधी एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी दुचाकीवरून पडतो. हेल्मेट होतं म्हणून थोडक्यात निभावतं. पडल्यानंतरची दोन-चार मिनिटं आठवत नाहीत, एखादी उलटी होते. दवाखान्यात नेतात, सीटी स्कॅन होतो, रिपोर्ट नॉर्मल येतो. घरचे देवासमोर साखर ठेवतात. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते; काही दिवसांत, काही आठवड्यांत माणूस पूर्वीसारखा होतो.

पण काहींची संपत नाही. रात्री उशीवर डोकं टेकवलं की स्वतःच्या छातीचे ठोके कानात ऐकू येतात. डोक्याच्या एका बाजूला मुंग्या येतात. कानात बारीक गुंई असते. चालताना प्रत्येक पाऊल कवटीत वाजतं. घोट गिळणं, श्वास घेणं, डोळा वळवणं, ज्या गोष्टी आयुष्यभर आपोआप चालल्या होत्या त्या सगळ्या आता जाणवायला लागतात. जणू शरीराचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवलाय. हा माणूस डॉक्टरांकडे परत जातो. डॉक्टर म्हणतात, ‘रिपोर्टमध्ये काही नाही.’ घरचे म्हणतात, ‘तू धसका घेतलायस. मनाचे खेळ आहेत.’

मी स्वतः काही वर्षांपूर्वी असे तीन-साडेतीन महिने काढलेत. त्याबद्दल यापेक्षा जास्त बोलणार नाही, कारण आजचा विषय मी नाही. पण त्या काळात मला जो प्रश्न पडला तो मात्र घेऊन आलोय. ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ आणि ‘मनाचे खेळ आहेत’, ही दोन वाक्यं आली कुठून? ती इतकी पाठ कशी झाली? याचा माग काढत गेलो तर आपण थेट आगगाडीपाशी पोचतो.

डोक्याला हादरा बसून, कवटी न फुटता, माणसाची शुद्ध हरपते हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. दहाव्या शतकाच्या आसपास अल-राझी या वैद्याने मेंदूला झालेली जखम आणि मेंदूला बसलेला हादरा यांत फरक केला होता. पण त्या काळात अशी प्रकरणं एकेकटी असत. कुणी घोड्यावरून पडला, कुणी शिडीवरून. रेल्वेने हे बदललं. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर मार्ग सुरू झाला. उद्घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन हे खासदार इंजिनाखाली सापडून दगावले. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली १८५३मध्ये. तोपर्यंत इंग्लंडात रेल्वेचं जाळं पसरलं होतं आणि अपघात ही वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी झाली होती. एकाच क्षणी, एकाच धक्क्यात शंभरेक माणसं हादरायची. त्यातले काही जागीच जायचे, काहींची हाडं मोडायची, आणि काहीजण कपडे झटकून उठायचे, ‘मला काही झालं नाही’ म्हणायचे, घरी जायचे. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी अंथरूण धरायचे.

यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे चार्ल्स डिकन्स. ९ जून १८६५. फोकस्टनहून लंडनला येणारी गाडी स्टेपलहर्स्टजवळ एका पुलावर घसरली. दुरुस्तीसाठी रूळ काढले होते, आणि कामावरच्या मुकादमाने गाडीची वेळ चुकीची वाचली होती. दहा माणसं मेली. डिकन्सचा डबा पुलाच्या कडेला अडकून लटकत राहिला. तो खाली उतरला, टोपीत पाणी भरून आणलं, ब्रँडीची बाटली घेऊन जखमींमध्ये हिंडला. मग त्याला आठवलं की छापायच्या कादंबरीचं हस्तलिखित डब्यातच राहिलंय, तेव्हा परत चढून तेही काढून आणलं. इतका शांत डोक्याने वागलेला माणूस. पण नंतरच्या दिवसांत त्याचा हात इतका कापायला लागला की पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागली. पुढे गाडीत बसलं की मध्येच विनाकारण दहशतीची लाट यायची. कधीकधी साध्या घोडागाडीतसुद्धा. डिकन्सच्या डोक्याला मार लागल्याची नोंद नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद याच गाठीभोवती आहे. तो वारला तोही ९ जूनलाच, १८७० साली, अपघाताला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी.

स्टेपलहर्स्टच्या पुढच्याच वर्षी, १८६६मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. विषय होता रेल्वे आणि इतर अपघातांमुळे मज्जासंस्थेला होणाऱ्या इजा. त्यांनी रुग्णांच्या तक्रारी नीट मांडल्या. डोकं दुखतं, झोप लागत नाही, विसरायला होतं, आवाज सहन होत नाही, उजेड सहन होत नाही, डोक्यात आवाज येतात, हातापायांना मुंग्या येतात. आज एखाद्या न्यूरॉलॉजिस्टसमोर ही यादी ठेवली तर त्याला ती ओळखीची वाटेल. एरिक्सन यांचं म्हणणं होतं की हादऱ्याने पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत बिघाड होतो. लोकांनी या दुखण्याला नाव दिलं ‘रेल्वे स्पाइन’.

पण कणा कापून पाहिला तर दिसणार काय? एरिक्सन यांच्याकडे पुरावा नव्हता, उपमा होत्या. घोड्याच्या नालासारख्या लोहचुंबकावर हातोडा मारला की त्याचं चुंबकत्व जातं. लोखंड तसंच राहतं, वजन तेवढंच, आकार तोच. गेलं काय? दुसरी उपमा खिशातल्या घड्याळाची. घड्याळ पडलं आणि काच फुटली तर बहुधा आतलं यंत्र वाचतं. काच शाबूत राहिली तर आतलं यंत्र बंद पडलेलं सापडतं. ज्यांची हाडं मोडतात त्यांना हा त्रास कमी होतो आणि वरवर धडधाकट राहिलेल्यांना जास्त, हे त्यांनी पाहिलं होतं, आणि घड्याळाची उपमा त्यासाठी होती. उपमा म्हणून सुंदर, पण कोर्टात उपमा चालत नाहीत.

आणि प्रकरण कोर्टातच गेलं होतं. नुकसानभरपाईचे दावे येत होते, आणि कंपन्यांना पैसे मोजावे लागत होते. तेव्हा दुसरी बाजू उभी राहिली. हर्बर्ट पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे शल्यचिकित्सक. त्यांचं पुस्तक १८८३चं. पेज म्हणाले, या रुग्णांच्या कण्याला काही झालेलं नाही. त्यांना भय बसलंय. अपघाताचा तो प्रचंड आवाज, काहीच करता न येण्याची अवस्था, एवढ्यानेच मज्जासंस्था कोलमडू शकते. त्यासाठी कण्याला मार लागायची गरज नाही. आणि दाव्याचा निकाल लागला की यातले बरेच रुग्ण सुधारतात, असंही त्यांनी लिहिलं.

आता पेज कंपनीचा माणूस म्हणून त्यांना निकालात काढणं सोपं आहे. पण डिकन्स आठवा. त्याचं डोकं, कणा सगळं शाबूत होतं, तरी हात कापत होता. म्हणजे पेज यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. भीतीही शरीराला खरोखर हलवते. चूक पुढे झाली. भीतीने होतं याचा अर्थ ‘खरं नाही’ असा लावला गेला. एरिक्सन म्हणजे रुग्ण खरा, पेज म्हणजे रुग्ण खोटा, अशी वाटणी झाली, आणि तीच दीडशे वर्षं टिकली.

पॅरिसला सालपेत्रिएर इस्पितळात शार्को याच काळात काम करत होते. त्यांच्याकडे एक रुग्ण आला होता. रस्त्यात गाडीने उडवलेला, बेशुद्ध पडलेला. त्याची खात्री होती की चाकं त्याच्या पायांवरून गेली. त्याचे पाय लुळे झाले होते. प्रत्यक्षात चाकं पायांवरून गेलीच नव्हती. शार्को म्हणाले, हा माणूस नाटक करत नाही. मनात बसलेली कल्पना शरीरात उतरू शकते. जर्मनीत हर्मान ओपेनहाइम यांनी १८८९मध्ये उलट बाजू घेतली. धक्क्याने मज्जासंस्थेत सूक्ष्म बदल होतात, ते आपल्या साधनांना दिसत नाहीत एवढंच. तिथे बिस्मार्कने १८८४मध्ये कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा केला होता, त्यामुळे वाद पुन्हा पैशावर आला. ‘पेन्शनचं दुखणं’ असा कुत्सित शब्दच तिकडे रूढ झाला. १९१६मध्ये म्युनिकच्या परिषदेत ओपेनहाइम यांचा त्यांच्याच सहकाऱ्यांनी पराभव केला.

आता जरा थांबू. या भांडणात एक तिसरा धागा होता, तो कुणी नीट उचलला नाही. अठराव्या शतकातले शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी स्वतःवर पाहिलं होतं की शरीराच्या कुठल्याही भागावर पुरेसा वेळ लक्ष लावलं की तिथे काहीतरी जाणवू लागतं. तुम्ही आत्ता करून पाहू शकता. डाव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्या. अर्धा मिनिट. काहीतरी जाणवलं ना? ते काही तुम्ही खोटं निर्माण केलं नाही. ती संवेदना तिथे होतीच, मेंदू ती तुमच्यापर्यंत येऊ देत नव्हता. १८५२मध्ये हेन्री हॉलंड या इंग्लिश डॉक्टरांनी लक्ष देण्याचा शरीरावर काय परिणाम होतो यावर स्वतंत्र विवेचन केलं. म्हणजे रेल्वेच्या वादाआधीच हे साधन हाताशी होतं. इजा खरी की कल्पना खरी, यापलीकडे एक प्रश्न विचारता आला असता : हादऱ्यानंतर मेंदूचा तो पहारेकरी, जो निरुपयोगी संवेदना दारातच अडवतो, तो ढिला पडतो का? तो प्रश्न बाजूला पडला, कारण कोर्टाला हो किंवा नाही एवढंच हवं होतं.

मग युद्धं आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या इस्पितळात जेकब मेंडिस डा कोस्टा यांनी असे सैनिक पाहिले ज्यांची छाती धडधडत होती, दम लागत होता, छातीत कळा येत होत्या, पण हृदय तपासलं तर निरोगी. १८७१मध्ये त्यांनी तीनशे रुग्णांवरून ‘चिडखोर हृदय’ असं त्याचं वर्णन केलं. इथे डोक्याला मार नाही, पण शरीर मोठ्याने ऐकू येणं तेच.

पहिल्या महायुद्धात प्रश्न हाताबाहेर गेला. फेब्रुवारी १९१५मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तीन सैनिकांची हकिकत छापली. जवळ तोफगोळे फुटल्यावर त्यांची दृष्टी, वास, चव, स्मृती बिघडली होती; गंमत म्हणजे एवढ्या स्फोटानंतर श्रवण जवळपास शाबूत. शीर्षकात शब्द होता ‘शेल शॉक’. हा शब्द मायर्स यांचा नव्हे, तो सैनिकांच्या तोंडी आधीच होता, आणि पुढे मायर्स यांनाच तो नकोसा झाला. फ्रेडरिक मॉट मेंदूत सूक्ष्म रक्तस्राव शोधत होते. म्हणजे एरिक्सन पुन्हा आले. बाकीचे म्हणत होते हे भय आहे. पेज पुन्हा आले.

लष्कराने यावर काय केलं? नोंदीला अक्षर जोडलं. शत्रूच्या स्फोटाने झालं असेल तर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. तसं नसेल तर ‘एस’, म्हणजे आजारी. पहिल्याला जखमी सैनिकाची पट्टी आणि पेन्शनचा हक्क, दुसऱ्याला नाही. एकाच खंदकातले, एकच कापरं भरलेले दोन सैनिक, आणि एका अक्षराने एक वीर, दुसरा संशयित. १९१७मध्ये शेवटी ‘शेल शॉक’ लिहायलाच मनाई झाली. ‘निदान व्हायचंय, मज्जासंस्थेचं’ असं लिहा म्हणून हुकूम आला. मला हा हुकूम त्या सगळ्या काळातला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो.

याच युद्धात एक कमी बोलला जाणारा माणूस आहे, थॉमस लुइस, हृदयतज्ज्ञ. धडधडणाऱ्या छातीच्या सैनिकांना तोवर आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवत. लुइस यांनी हॅम्पस्टेड आणि नंतर कोल्चेस्टरच्या इस्पितळात त्यांना उठवलं. पायरीपायरीने वाढत जाणारी कवायत. आधी हलकी, झेपली की पुढची. कोण कुठल्या पायरीपर्यंत जातो यावरून त्याचं पुढचं काम ठरे. १९१८मध्ये त्यांनी हे पुस्तकात मांडलं. लक्षात घ्या, खरं की खोटं हा प्रश्न लुइस यांनी कवायतीच्या मैदानावर आणलाच नाही. दम लागतोय? ठीक आहे, खालच्या पायरीपासून सुरू करू. ही गोष्ट आपण शेवटी परत उचलणार आहोत.

‘मेंदूच्या हादऱ्यानंतरचा लक्षणसमूह’ हे आजचं नाव १९३४मध्ये स्ट्रॉस आणि सॅविट्स्की या अमेरिकन डॉक्टरांच्या लेखात येतं. इंग्लंडात चार्ल्स सिमंड्स यांनी १९३७मध्ये मुद्दा मांडला की इजा कसली आहे एवढं पाहून भागत नाही, ती कुणाच्या डोक्याला झाली हेही पाहावं लागतं. पण गाडी पुन्हा घसरली. १९६१मध्ये न्यूकॅसलचे हेन्री मिलर यांनी ‘अपघाताचा न्यूरोसिस’ यावर व्याख्यानं दिली. दाव्यांचा निकाल लागून दोन वर्षं झालेले पन्नास रुग्ण त्यांनी पाहिले. दोन सोडता सगळे बरे, असं त्यांचं सांगणं. झालं! विमा कंपन्यांच्या वकिलांना पुढची वीस-पंचवीस वर्षं पुरेल एवढं साहित्य मिळालं. पुढे ऑस्ट्रेलियात जॉर्ज मेंडेलसन आणि इतरांनी तपासलं तेव्हा दिसलं की निकाल लागल्यावरही बरेच लोक कामावर परतत नाहीत, त्रास चालूच राहतो. पण वाक्य पाठ झालं होतं : पैसे मिळाले की बरे होतात.

मग विज्ञानाने काय शोधलं? दोन्ही बाजूंचा थोडाथोडा विजय केला. १९६८मध्ये ओपेनहाइमर नावाच्या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने, साध्या हादऱ्यानंतर दुसऱ्याच कारणाने मेलेल्यांच्या मेंदूत सूक्ष्म इजा दाखवल्या. २००१मध्ये गिझा आणि होव्हडा यांनी हादऱ्यानंतर मेंदूच्या पेशींत काय होतं ते एकत्र मांडलं. पेशीतलं पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत, ते परत जागेवर आणायला ऊर्जा जास्त लागते आणि नेमका तेव्हाच पुरवठा तोकडा. सीटी स्कॅनला रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते. हे दिसत नाही. म्हणजे एरिक्सन यांचं लोहचुंबक अगदीच कल्पना नव्हतं. फक्त त्यांनी जागा चुकीची सांगितली.

पण दुसरीकडे १९९२मध्ये मिटनबर्ग आणि सहकाऱ्यांनी कधीच डोक्याला न लागलेल्या लोकांना विचारलं, समजा तुम्हाला मार लागला तर सहा महिन्यांनी काय होईल? त्यांनी दिलेली यादी खऱ्या रुग्णांच्या यादीशी जवळपास जुळली. आणि खरे रुग्ण आपल्या आधीच्या तब्येतीबद्दल बोलताना, पूर्वी डोकं दुखायचं, विसरायला व्हायचं, हे कमी करून सांगत होते. १९९६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिथुआनियातला अभ्यास आला. मागून धडक बसलेल्या २०२ लोकांना एक ते तीन वर्षांनी विचारलं, तर मानेचं जुनाट दुखणं इतरांपेक्षा जास्त नव्हतं. त्या देशात अशा दुखण्याचा बोलबाला नव्हता. हा अभ्यास मानेचा आहे, डोक्याचा नाही, आणि त्यावर आक्षेपही आहेत. पण आपण कशाची वाट पाहतो त्यावर आपल्याला काय जाणवतं हे ठरतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता दोन्ही एकत्र करा. हादरा खरा. पहिल्या दिवसांत मेंदू थकलेला, आवाज-उजेड गाळणारी चाळणी ढिली, मेहनत केली की नाडी जास्त पळते, कानातला तोल बिघडलेला. म्हणून संवेदना जास्त येतात. माणूस साहजिकच घाबरतो आणि लक्ष ठेवायला लागतो : आज कालपेक्षा जास्त आहे का? लक्ष ठेवलं की जास्त जाणवतं. जास्त जाणवलं की भीती, भीतीने छाती धडधडते, आणि ती धडधड नवा पुरावा होते. आर्थर बार्स्की या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात याला संवेदना मोठी करून घेणं अशा अर्थाचं नाव दिलं. पेशी सावरतात, पण पहारा उठत नाही. दार उघडलं इजेने. उघडं ठेवलं पहाऱ्याने. यात कल्पना कुठे आहे? ठोके खरे आहेत. ते सगळ्यांचेच पडतात, या माणसाला ऐकू येतात एवढंच.

आणि उपाय? इथे लुइस परत येतात. २०१५मध्ये एका अमेरिकन अभ्यासात हादरा बसलेल्या मुलांपैकी काहींना पाच दिवस सक्त विश्रांती दिली, काहींना एक-दोन दिवस. सक्त विश्रांतीवाल्यांनी जास्त लक्षणं सांगितली. अंधाऱ्या खोलीत पडलेल्या माणसाला स्वतःच्या शरीराशिवाय ऐकायला दुसरं असतं काय? २०१९मध्ये बफेलोच्या जॉन लेडी यांच्या गटाने १०३ किशोरवयीन खेळाडूंवर चाचणी घेतली. झेपेल तेवढा हलका व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसतं ताणण्याचे व्यायाम करणारे १७ दिवसांत. आज जगभरातला सल्ला हाच आहे : पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग हळूहळू चालणं, काम, माणसांत मिसळणं, लक्षण थोडं वाढलं तर एक पायरी खाली, पण खाट नाही. दर तासाला नाडी मोजायची नाही. संवेदना आली तर तिच्याशी झगडायचं नाही आणि तिची चौकशीही करायची नाही. हातातलं काम चालू ठेवायचं. लागलेल्या माणसाला हे आळशी सल्ल्यासारखं वाटतं, पण यामागे शंभर वर्षांची शिदोरी आहे.

समारोप करतो. एरिक्सन यांनी रुग्णावर विश्वास ठेवला, पण त्याला कायमचा मोडलेला ठरवलं. पेज यांनी तो बरा होईल हे ओळखलं, पण त्याच्यावरचा लोकांचा विश्वास घालवला. रुग्णाला दोन्ही हवं असतं. तुला लागलंय हे मान्य, आणि तू बरा होशील हेही. ही दोन वाक्यं एका दमात म्हणायला वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षं लागली. आपल्याला घरात म्हणायला तेवढी लागू नयेत.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, मग डॉक्टरांकडे परत जायचंच नाही का? लक्ष द्यायचं नाही म्हटल्यावर खरं काही असलं तर कळणार कसं?

उत्तर : चांगलं विचारलंत, हे सांगायला हवंच होतं. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, माणूस गुंगीत जाऊ लागला, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, झटका आला, तर ताबडतोब इस्पितळ. तिथे माझं व्याख्यान आठवू नका. आणि महिना उलटूनही त्रास चालू असेल तरी डॉक्टरांना दाखवाच. कानाचा तोल, मान, डोळे यांचे उपचार आहेत. लक्ष काढायचं म्हणतोय ते हे सगळं तपासून झाल्यावर उरतं त्यावरून.

प्रश्न : घरच्यांनी काय करावं?

उत्तर : दिवसातून दहा वेळा ‘आता कसं वाटतंय?’ असं विचारू नये. प्रेमाने विचारतात, पण प्रत्येक वेळी तो माणूस आत डोकावून पाहतो. त्यापेक्षा म्हणावं, ‘चल, कोपऱ्यावरून भाजी घेऊन येऊ.’ माझ्याकडे माझ्या आईने हेच केलं. तिने यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं.